खड्ड्याला गूळ घातला तेव्हा

अंबडच्या रस्त्यावरील पेट्रोलपंपावर अलीकडे एक पाटी लागली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले आहे, असे तिच्यावर लिहिले आहे. माझा नातू अंकुशनगरच्या बाजूला एका डिस्टिलरीत कामाला आहे. उसाची मळी आंबवायची, तिची वाफ धरायची आणि त्या वाफेतून निघालेले इंधन टँकरमध्ये भरून पाठवायचे, हे त्याचे काम. परवा माझ्या जुन्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना तो म्हणाला, "आबा, आता तुमच्या गाडीत आपला ऊस जळून राह्यला." मी म्हणालो, "उसानं जाळ विझलेला मी पाह्यलाय." त्याला तो विनोद वाटला. मी विनोद सहसा करीत नाही. जे पाहिले तेच सांगितले होते, आणि ते नीट सांगायचे तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमचे गाव अंबड आणि वडीगोद्री यांच्या मध्ये, हमरस्त्यापासून आत. घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे. घरात माणसे चारच. तात्या, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हे घराचे कारभारी. त्यांची पत्नी फार पूर्वी वारली होती आणि मूलबाळ नव्हते. ते माणसांशी कमी आणि जनावरांशी जास्त बोलत. माझे वडील आप्पा. त्यांनी तात्यांना विचारल्याशिवाय बैलाची वेसणही कधी बदलली नव्हती. आईला मी माय म्हणत असे. चौथा मी, अंबडच्या कॉलेजात रोज एसटीने जाऊन-येऊन शिकणारा. बहिणीचे लग्न होऊन गेले होते, त्यामुळे घरात बाई एकच उरली होती, आणि स्वयंपाक तिचाच होता. आम्हा तिघांपैकी कोणी चुलीपुढे बसावे हे कोणाच्या डोक्यातही येत नसे. त्या घराची रीत तशी होती, एवढेच लिहितो.

मला जाग फुंकणीने येत असे. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, वर गोवरी. फुंकणीचा लांब श्वास, मग जाळाचा फडफडाट, मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज. या आवाजांच्या मध्ये खोकला असे. लहानपणी तो एखाददुसरा असे. मी कॉलेजात जाऊ लागलो तोवर त्याने बाकीचे आवाज झाकून टाकले होते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, लसणाचा ठेचा, उन्हाळ्यात कैरीची कढी, असे साधेच जेवण. पण ते तयार होईपर्यंत माय तीन-चार वेळा उठून दाराशी येई आणि चौकटीला धरून उभी राही. स्वयंपाकघराच्या माळवदाला एक झरोका होता. धूर त्यातून जाणे अपेक्षित होते. तो जात नसे. तिथली लाकडे डांबर फासल्यासारखी काळी झाली होती, आणि अंबडच्या डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे मायची छातीही.

डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावून ऐकले. नंतर आप्पांना बाहेर बोलावले. "औषध मी देतो," ते म्हणाले, "पण धूर तुमच्या घरात आहे. माझ्या दवाखान्यात नाही. त्यांना चुलीपुढे बसू दिले तर पुढच्या वेळी मला काही विचारू नका." घासलेटचा स्टोव्ह आणून पाहिला. त्याच्या वासाने ती अधिकच कासावीस झाली. गॅसचे सिलिंडर त्या काळी आमच्या भागात कोणाच्या घरी नव्हते.

मायचा धाकटा भाऊ जालन्याला बियाण्याच्या दुकानात होता. दिवाळीनंतर तो भेटायला आला, तिच्याजवळ थोडा वेळ बसला आणि उठून ओसरीवर आला. "दाजी, राग मानू नका," तो आप्पांना म्हणाला. "अक्काचा आवाज कसा झाला पाह्यलं का? दोन शब्दाला थांबती. मह्या घरी सिलिंडर हे. अक्षय तृतीयेला येतो अन् तिला घेऊन जातो. कायमची." तात्यांनी तंबाखू मळणे थांबवले. आतून माय म्हणाली, "तुह्या घरी जिना हे. वर बसून मी काय करू? भावजय किती भाकरी खाती ते मोजू का?" मामा हसला नाही. "मोज," तो म्हणाला. "पर मोजायला जित्ती ऱ्हा."

तिला जायचे नव्हते हे सगळ्यांना दिसत होते. तिला थांब म्हणायचे तर कशाच्या बळावर, हे मात्र कोणाला दिसत नव्हते.

उपाय आप्पांनी शोधला. पंचायत समितीत कामाला गेले असताना त्यांनी गोबरगॅसचे चित्र पाहिले, ग्रामसेवकाला चार गोष्टी विचारल्या आणि घरी येऊन तात्यांसमोर विषय काढला. ते संभाषण मला शब्दशः आठवते, कारण आप्पांना एवढे बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

"शेणाचा वास भाकरीला येईन," तात्या म्हणाले.

"न्हाई येत म्हणत्यात, दादा. गोवरीचा तरी कुठं येतो?"

"गोवरी वाळलेली ऱ्हाती. अन् खताचं काय? शेण जाळलं तर वावरात काय टाकायचं?"

"खत बराबर तेवढंच बाहेर येतं. चांगलं मुरून येतं म्हणत्यात."

"शेण घातलं तेवढं खत आलं. मंग मधल्या मधी गॅस कुठून येतो?"

"येतो," आप्पा म्हणाले.

तात्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. माय चौकटीला धरून श्वास गोळा करीत होती. "खांदा खड्डा," तात्या म्हणाले, आणि उठून बैलांकडे गेले.

गोठ्यामागे खोल गोल खड्डा खणला. आतून विटांनी बांधला. एका बाजूने शेण-पाणी कालवून आत सोडायचे, दुसऱ्या बाजूने मुरलेले पातळ शेण बाहेर यायचे. त्याला स्लरी म्हणतात. खड्ड्यावर लोखंडाची मोठी टाकी पालथी घातलेली. आत गॅस धरू लागला की ती टाकी आपोआप वर उचलली जाते, नाहीतर शेणात बुडून राहते. टाकीवरून एक नळी भिंतीतून स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर दोन बर्नरची शेगडी बसली. त्या शेगडीवर अजून एकदाही जाळ झालेला नव्हता, तरी माय ती रोज पदराने पुसत असे.

थंडीचे दिवस होते. टाकी हलेना. रोजचे शेण आत जात होते, टाकी होती तिथेच होती. ग्रामसेवक म्हणाला, थंडीत वेळ लागतो, धीर धरा. आप्पांनी धीर धरला. तात्यांचा मात्र त्या खड्ड्याशी वेगळाच संबंध जडला होता. सकाळी बैलांना वैरण टाकून झाली की ते टाकीपाशी जात आणि गाभण गाईच्या कुशीवर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवून उभे राहत. काही वेळा कान लावत. एके दिवशी त्यांनी निदान केले. "हिच्या पोटात हे सगळं," ते म्हणाले. "पान्हा चोरून राह्यली."

पान्हा चोरणाऱ्या गाईला काय द्यायचे हे आमच्याकडे कोणालाही विचारावे लागत नाही. शिजवलेली बाजरी आणि गूळ. आमचा थोडा ऊस होता, गावच्या गुऱ्हाळात तो नुकताच गाळला होता आणि घरात नव्या गुळाच्या ढेपा होत्या. तात्यांनी एक ढेप फोडली, कोमट पाण्यात विरघळवली आणि शेणाबरोबर आत सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. आप्पांनी ते पाहिले, मीही पाहिले. मी विज्ञान शाखेत होतो, पण मलाही त्यात काही गैर दिसले नाही. व्यालेल्या गाईला गूळ देतात, हे मला विज्ञानाच्या आधीपासून माहीत होते.

आणि टाकी वर आली. एका सकाळी ती वीतभर उचलली गेली होती, दोन-तीन दिवसांत हातभर. तात्यांनी आम्हाला हाका मारून गोठ्यामागे नेले. "पाह्य," ते म्हणाले, "सुटला पान्हा." त्यांचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता. नारळ फोडला. शेगडीला हळद-कुंकू लावले. मायने काडी ओढली, आप्पांनी चावी फिरवली. बर्नरमधून वारा आला आणि काडी विझली. दुसरी विझली. तिसरी आप्पांनी स्वतः ओढली, तीही विझली. स्वयंपाकघरात एक आंबूस वास पसरला, गुऱ्हाळामागे मडक्यात राहून गेलेल्या रसाला येतो तसा. मायने काड्यापेटी उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवली, खाली बसली आणि फुंकणी हातात घेतली.

त्या दिवसानंतर ती वेगळ्याच कामाला लागली. आधी मला त्याचा अर्थ लागला नाही. तिने बरण्या उन्हात वाळवल्या. शेंगदाण्याची चटणी केली, कारळाची केली, जवसाची केली. माळवदावर बाजरीच्या खारोड्या वाळत घातल्या. ठेचा कुटून तेलात घोळून भरला. एवढ्या बरण्या आमच्या घरात मी कधी पाहिल्या नव्हत्या. एकदा ती मला म्हणाली, "खालच्या फळीवर मीठ ठिवलंय. आप्पांना सापडत न्हाई, तू ध्यानात ठेव." तेव्हा मला कळले. ती आमच्या तिघांची बेगमी करीत होती. तिने जाण्याचे ठरवले होते.

साळवे गुरुजींना आप्पांनी बोलावले. गुरुजी आमच्या गावच्या शाळेत शिकवीत आणि वडीगोद्रीहून सायकलवर येत. मलाही त्यांनीच शिकवले. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ते घर बौद्ध झालेले होते. त्यांच्या घरी गोबरगॅस काही वर्षे चालू होता, हे गावात सर्वांना माहीत होते, आम्हालाही होते. तरी त्यांना विचारायला एवढा उशीर का झाला, याचे कारण गोठ्याच्या कोनाड्यात होते. गुरुजी आमच्याकडे आले की गोठ्याच्या ओट्यावर बसत आणि त्यांना चहा त्या कोनाड्यातल्या कपबशीतून दिला जाई. ही व्यवस्था कोणी बोलून केलेली नव्हती. ती होती.

गुरुजींनी बाहेर आलेली स्लरी बोटांवर घेतली, चोळली, नाकाशी नेली. "ह्याला काय खाऊ घातलं?" त्यांनी विचारले.

आप्पांनी आणि मी तात्यांकडे पाहिले. तात्या म्हणाले, "गूळ."

"किती?"

"गाईला देतो त्याच्याहून जरा जास्त. हिचं पोट मोठं हे म्हणून."

गुरुजींनी तोंड फिरवले. त्यांचे खांदे थोडा वेळ हलत होते. मग ते पुन्हा आमच्याकडे वळले तेव्हा चेहरा शाळेतला होता. "तात्या, ही गाय न्हाई. हिला एवढं गोड सोसत न्हाई. पोटात सगळं आंबून गेलं. टाकी वर आली ती आंबल्याच्या वाऱ्यानं. तो वारा जळत न्हाई, उलटा जाळ विझवतो."

ही गोष्ट मी नातवाला पुढे सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आबा, तात्या इथेनॉलच काढून राह्यले होते. फक्त भांडं चुकलं." ते खरे असावे. डिस्टिलरीत जे मुद्दाम घडवतात, ते आमच्या खड्ड्याच्या जिवावर उठले होते.

गुरुजींनी उपाय सांगितला. नवे शेण काही दिवस बंद. आतला बराच भाग उपसून वावरात टाकायचा. चुन्याची निवळी थोडी थोडी सोडायची. "अन् चालू खड्ड्यातली स्लरी आणून घाला," ते म्हणाले. "भरपूर. दह्याला विरजण लागतं, तसं ह्यालाबी लागतं."

"चालू खड्डा कुठं हे?" तात्यांनी विचारले. त्यांना माहीत होते.

"जवळचा म्हणाल तर महाच." गुरुजींनी बोटांवरची स्लरी मातीला पुसली. "पर आधीच सांगून ठेवतो. मह्या खड्ड्याला संडास जोडेल हे. घरच्यांचं सगळं त्यातच जातं. मागून कुणी म्हणायला नको, गुरुजीनं सांगितलं न्हाई म्हणून." ते तात्यांकडे पाहून बोलत होते, आणि फक्त संडासाबद्दल बोलत नव्हते, हे आम्हा चौघांनाही कळत होते. सायकल घेऊन ते निघून गेले.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आप्पा म्हणाले, "उद्या वडीगोद्रीला गाडी नेतो, दादा."

तात्या भाकरी मोडत राहिले. "अक्षय तृतीयेला पितराचं पान वाढायचं. ते त्याच्यावर शिजवायचं?"

"पितराचं मागून पाहू. आधी जित्या माणसाचं पाहू."

आप्पांनी तात्यांना दिलेले ते पहिले उलट उत्तर. माझ्या माहितीत दुसरे नाही. आतून खोकल्याची उबळ आली आणि थांबेना. तात्या पान सोडून उठले.

सकाळी मी अंगणात आलो तेव्हा गाडी जुंपलेली होती. लोखंडी पिंपे गाडीत बांधून ठेवलेली होती. तात्या कासरा धरून पुढे बसले होते. "बैलं तुमचं ऐकत न्हाईत," ते आप्पांकडे न पाहता म्हणाले. "चला जल्दी."

वडीगोद्रीला गुरुजींच्या घरामागे आम्ही पिंपे भरली. वास मी कल्पना केली होती तसा नव्हता. पावसाने भिजलेल्या मातीसारखा होता. गुरुजींच्या पत्नीने आत चहा टाकला. चालू गोबरगॅस मी तिथे प्रथम पाहिला. बाई पाटावर ताठ बसून भाकऱ्या करीत होत्या आणि करता करता आमच्याशी बोलत होत्या. ही दुसरी गोष्ट मला फार विलक्षण वाटली. भाकरी करता करता बोलणारी बाई मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

चहा आला. मी घेतला, आप्पांनी घेतला. तात्या म्हणाले, "मला उपास हे."

"कशाचा हो?" बाईंनी सरळपणे विचारले.

"असतो एखाद्याला," गुरुजी म्हणाले आणि तात्यांचा कप स्वतः पिऊन टाकला.

परतताना हमरस्त्यावरच्या दुकानांपाशी लोकांनी गाडी अडवली. "तात्या, काय भरून चालवलंय? काकवी का?"

"विरजण," तात्या म्हणाले.

"एवढं? म्हशी किती घेतल्या?"

"एकच हे. पर मोठी हे." त्यांनी बैलांना हाकारले. मी पिंपाला टेकून बसलो होतो. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

पुढचे दिवस ऊन तापत गेले. तेच हवे होते, असे गुरुजी म्हणत. शाळा सुटली की ते येत, स्लरीचा वास घेत आणि सायकलवर बसून निघून जात. टाकीत जो वारा जमे तो त्यांच्या सांगण्यावरून सोडून द्यायचा होता. तात्यांना हे सोडणे जड जाई, पण ते चावी उघडून तोंड फिरवून उभे राहत. गुळाच्या खोलीला त्यांनी कुलूप लावले होते. कोणासाठी, हे विचारण्याची सोय नव्हती. मायने पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली घेतली आणि आपली लुगडी घड्या करून तिच्यात ठेवली. पेटीचे झाकण तिने उघडेच ठेवले होते.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दुपारी गुरुजी म्हणाले, "आज लावून पाहा." नारळ आणला नाही, कुंकू लावले नाही. मायने काडी ओढली, मी चावी फिरवली. काडी तिने बर्नरपाशी नेली आणि मागे घेतली. झरोक्यातून उन्हाचा कवडसा नेमका ओट्यावर पडला होता आणि बर्नरवर काहीच दिसत नव्हते. "गेला," आप्पा दारातून म्हणाले. माय तशीच उभी राहिली. मग तिने बर्नरवर हात धरला आणि चटकन मागे घेतला. बोट तोंडात घातले.

"जळून राह्यलं," ती म्हणाली.

मी उन्हाच्या आड उभा राहिलो. माझ्या सावलीत जाळ दिसला. निळा, ठेंगणा, स्थिर. त्याचा आवाज बारीक आणि सलग होता, कोणीतरी न थकता फुंकीत असल्यासारखा. आम्ही तो ऐकत उभे राहिलो. आप्पा दारातच खाली बसले. तात्या गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलांशी काही बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा आला. त्याने रस्त्यावर जीप थांबवून ठेवली होती. शेगडी पेटलेली पाहून तो म्हणाला, "एक दिवस पेटली म्हणून काय झालं? अक्का, पेटीचं झाकण लाव." माय म्हणाली, "सणाचं जेवण होऊ दे." पेटी दारापाशी होती.

त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची मातीची केळी, म्हणजे लहान मडकी, भरतात आणि पान वाढतात. पुरणपोळी, आमरस, भात. प्रश्न पितरांच्या पानाचा होता, आणि तो तात्यांनी कोणाशी न बोलता सोडवला. त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, पऱ्हाट्या आणल्या, तपेली ठेवली आणि स्वतः खाली बसून फुंकणी तोंडाला लावली. सत्तरीला टेकलेल्या त्या माणसाला मी चुलीपुढे प्रथमच पाहत होतो. धूर उठला. जाळ उठेना. तात्या खोकू लागले.

घरात माय पुरण शिजवत होती. थोरल्या दिरांशी ती थेट बोलत नसे; जे असेल ते माझ्यामार्फत. ती मला म्हणाली, "त्यांना सांग, पऱ्हाट्या ओल्या हेत. तुराट्या घाला म्हणावं."

मी सांगितले. तात्यांनी तुराट्या घातल्या. धूर अधिक झाला. डोळे पुसत, फुंकणी आपटत, मध्येच उठून कडुनिंबाच्या बुंध्याला धरून उभे राहत त्यांनी तो मूठभर भात कसाबसा शिजवला. खालून लागलेला होता. तोच त्यांनी पितरांच्या पानावर वाढला, पाणी फिरवले, आणि आत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. तिथे ते कधीही बसत नसत. डोळे लाल झाले होते, श्वास लागला होता. मामा पेटीजवळ उभा राहून हे सगळे पाहत होता.

दम जरा खाली बसल्यावर तात्या मला म्हणाले, "तिला विचार, रोज असंच असतं का?"

माय माझ्यापासून हातभर अंतरावर होती. "सांग त्यांना," ती म्हणाली, "पावसाळ्यात याच्याहून जास्त ऱ्हातं."

स्वयंपाकघरात शेगडीचा तो सलग आवाज तेवढा होता. मग तात्या म्हणाले, "तिला म्हणावं, च्या टाक."

"कशावर टाकू, विचार. चुलीवर का गॅसवर?"

"गॅसवर म्हणावं."

दुपारी आप्पांनी गुरुजींना जेवायला बोलावले होते. ते आले आणि सवयीने गोठ्याच्या ओट्याकडे वळले. तात्या ओसरीवरून म्हणाले, "गुरुजी, तिकडं ऊन हे. इकडं या." कोनाड्यातली कपबशी त्या दिवशी कोणी काढली नाही. पुढे ती कधी फुटली, की कोणी टाकून दिली, मला माहीत नाही.

जेवण झाल्यावर मामा पेटीवर बसून सुपारी कातरत होता. त्याने मायचे बोलणे ऐकले होते. ती आमरस वाढताना त्याच्या बायकोची, मुलांची, जिन्याची चौकशी एका दमात करीत होती, मध्ये कुठे न थांबता. "अक्का," तो म्हणाला, "मंग जीपवाल्याला काय सांगू?"

"आंबे भरून घेऊन जा म्हणावं," माय म्हणाली. "पेटीवरून ऊठ आधी. पत्रा वाकंल."

मामा उठला. आप्पांनी पेटी उचलून परत माळ्यावर ठेवली. ती रिकामी करायचे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. मायची लुगडी दोन दिवस तिथेच राहिली आणि तिने त्यावरून आम्हा तिघांना बरेच ऐकवले.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. खोकला पूर्ण गेला नाही, पण तो एखाददुसरा झाला, माझ्या लहानपणी होता तसा. टाकी पुढे गंजली, बदलली, पुन्हा गंजली. आता त्या जागी नातवाची मोटरसायकल उभी असते. जळणाऱ्या गोष्टी बदलत राहतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पाटी लावतो. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

आमच्यासाठी म्हणून तिने भरून ठेवलेल्या त्या बरण्या मात्र आम्ही चौघांनी मिळून पावसाळाभर संपवल्या. ठेचा फार तिखट झाला होता. कोणी तसे बोलले नाही.